गाण्यासाठी तळमजल्यावर खोली मिळणेबाबत

विषय : बोलणे गेलेल्या रुग्णांवर गाऊन उपचार करण्याच्या वर्गास सरकारी दवाखान्यात तळमजल्यावर एक खोली मिळणेबाबत.

संदर्भ : १) आमचा अर्ज. २) सदर अर्जाचे स्मरणपत्र. ३) सदर स्मरणपत्राचे स्मरणपत्र.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्ज दिला आणि उत्तर आलं नाही, की मधल्या काळात माणसाजवळ दोनच गोष्टी साठत जातात : पोचपावत्या आणि किस्से. पोचपावत्या मी फाईलला लावल्या. किस्से फाईलला लावायची पद्धत नाही, म्हणून ते इथे लावतो.

मी निवृत्त कारकून. नोकरीभर अर्ज घेण्याच्या बाजूला बसलो, आता अर्ज देण्याच्या बाजूला उभा आहे. उभा म्हणजे खरोखरच उभा, कारण खुर्ची आतल्याच बाजूला असते.

वर्ग वैशाली मॅडमचा. त्या स्पीच थेरपिस्ट. साखर पेठेत लक्ष्मय्या मालकांच्या टर्किश टॉवेलच्या लूमच्या शेडवर दोन खोल्या आहेत, तिथे त्या इतर थेरपिस्टना शिकवतात. शिकायला येणारी मंडळी पदवीधर, कुणी स्पीचवाले, कुणी फिजिओ, कुणी समुपदेशक. त्यांना पेशंटबरोबर गायचं कसं, एका श्वासात एकच स्वर धरून ठेवायचा कसा, नादाने शरीर सैल करायचं कसं, हे शिकायचं असतं. मी तिथला पत्रव्यवहार बघतो. बिनपगारी, पण पूर्ण अधिकारी.

गाण्याने बोलणं कसं परत येतं, हे मॅडमनी मला मेंदूचं चित्र काढून सांगितलं होतं. मला ते आपल्या भाषेत असं कळलं : बोलण्याचा मुख्य रस्ता बंद पडला तरी गाण्याची गल्ली पुष्कळदा उघडी असते. मुख्य रस्ता खोदून ठेवलेला असला की गल्लीतून जायचं, हे सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

अडचण एकच, जिना. लोखंडी आणि उभा. लकवा मारून ज्याचं बोलणं जातं, त्याचा बहुधा एक पायही अधू झालेला असतो. म्हणजे ज्याच्यासाठी हा वर्ग, तोच खाली राहतो. म्हणून तळमजला. म्हणून अर्ज.

*

पहिल्याच दिवशीची गोष्ट. मॅडमनी नव्या बॅचला स्वर धरायला लावला. याला ते टोनिंग म्हणतात. डोळे मिटायचे, श्वास भरायचा, आणि संपेपर्यंत 'आ' लावायचा. गाणं नाही, शब्द नाहीत, नुसता 'आ'. सगळ्यांनी एकदम लावला. उच्चशिक्षित माणसं आयुष्यात पहिल्यांदाच तोंड पूर्ण उघडत होती, त्यामुळे त्या आवाजात बरंच काही बाहेर पडलं.

खाली एकेक लूम थांबत गेला. मग जिन्यावर पावलं वाजली. दारात लक्ष्मय्या मालक उभे. मागे दोन कामगार, एकाच्या हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्याच्या हातात फोडलेला कांदा.

"कुणाला फीट आली?" मालक म्हणाले.

"कुणाला नाही. शिकतायत सगळे," मॅडम म्हणाल्या.

मालकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "सगळ्यांना एकदम?"

मॅडमनी पाच मिनिटं त्यांना टोनिंग समजावून सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कामगाराला खूण केली, चल खाली.

"कांदा राहू द्या," मॅडम म्हणाल्या, "वर्ग उद्याही आहे."

*

त्या बॅचमध्ये मृणाल होती. समुपदेशक, वर संगीत विशारद. तिला पहिल्यांदा एका पेशंटसमोर बसवलं तेव्हा आम्ही सगळे दाराशी गर्दी करून उभे होतो. पेशंट म्हणजे बाजार समितीतले एक आडते. हे गृहस्थ बोलणं जाण्याआधी अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलत.

मृणालने सूर लावला. असा लावला की खाली लूमवाल्यांनीही मान वळवली असेल. पेशंटने एक-दोन ओळींत बरोबर गायला लागायचं, ही अपेक्षा. आडत्यांनी पाठ मागे टेकली, डोळे मिटले, चांगल्या हाताने मांडीवर ठेका धरला. शेवटी हात वर करून दाद दिली. तोंडातून अक्षर नाही.

मृणाल खुशीत बाहेर आली.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही पेशंटला बरा नाही केला, रसिक केला."

मग तिला शिकवणं सुरू झालं ते कमी चांगलं गाण्याचं. हरकती नाहीत, ताना नाहीत, दोन स्वर, आणि मध्ये इतकी जागा ठेवायची की समोरच्याला वाटावं, हिला जमत नाहीये, आपण मदत करू. मृणालला ते फार जड गेलं. घरी रियाझ चालू असताना आई दारात येऊन म्हणाली, "एवढी वर्षं घालवून शिकलीस, ते आता बिघडवायला वेगळा क्लास लावलास का?"

पण जमलं तिला. पुढे एके दिवशी ती मुद्दाम अडखळली, आणि आडत्यांनी पुढचा शब्द वैतागून स्वतःच म्हटला. मृणाल त्या दिवशी वर्गात रडली. तिच्या गाण्याला पूर्वी पारितोषिकं मिळाली होती, पण असं वैतागलेलं माणूस कधी मिळालं नव्हतं.

*

बार्शीला एका कॉलेजने प्रात्यक्षिक ठेवलं. चांगला हॉल, चांगले पडदे, समोर प्राध्यापक आणि डॉक्टर. मॅडमनी आमची मंडळी अर्धवर्तुळात उभी केली आणि हाताने खूण केली.

काही झालं नाही. पुन्हा खूण. दोघांनी स्वर लावला तो दोन दिशांना गेला, तिसऱ्याने नुसताच श्वास सोडला. एकमेकांची तोंडं बघू लागले. याच मंडळींनी साखर पेठेत रोज भिंती हलवल्या होत्या.

मॅडमच्या लक्षात आलं. आमचा वर्ग पहिल्यापासून लूमच्या वर भरतो. खाली दिवसभर लूमची घरघर, आणि हे सगळे नकळत त्या घरघरीलाच तंबोरा धरून स्वर लावत होते. शांत खोलीत गायची वेळच कधी आली नव्हती.

मॅडमनी तिथल्या तिथे फोन लावला. "मालक, जरा फोन लूमजवळ धरता का?"

"कुठल्या लूमजवळ?"

"नेहमीच्या."

फोन माईकपुढे धरला. हॉलमध्ये घरघर भरली आणि आमच्या मंडळींनी असा एकजीव स्वर लावला की पुढच्या रांगेतले डॉक्टर ताठ बसले. मी मागच्या रांगेत होतो. मला त्या क्षणी आसपासच्या लोकांना सांगावंसं वाटलं की हे सगळे आमचे आहेत. शेजारच्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "शू."

नंतर एक प्राध्यापक वही उघडून मॅडमकडे आले. "पार्श्वभूमीला जो ट्रॅक होता, तो परदेशी आहे का?"

"टर्किश टॉवेलचा आहे," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी लिहून घेतलं.

*

अंजुम ही आमच्या वर्गाची खरी शान. स्पीच थेरपिस्ट, सोलापूरचीच. पेशंटशी मराठी बोलते, स्वतःशी दखनी. होटगीजवळच्या एका गावात शिबिर होतं, तिथे तिच्यासमोर एक म्हातारे मेंढपाळ आले. हाताला कंप, आणि आवाज इतका बारीक झालेला की सून त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐके आणि मोठ्याने सांगे. अशा आजारात आवाज मोठा करायचा सराव असतो, त्याला टोनिंगची मदत होते.

अंजुम म्हणाली, "आबा, मोठ्यांदा 'आ' म्हणा."

आबा काहीतरी पुटपुटले. सून म्हणाली, "ते म्हणत्यात, कुणाला?"

"कुणाला नाही. नुसतंच म्हणायचं."

आबांनी मान हलवली. सून म्हणाली, "ते म्हणत्यात, हितं कोनच न्हाय तर वरडायचं कशाला. लोक येडं म्हनतील."

तिच्या जागी मी असतो तर शिबिराच्या कागदावर 'सहकार्य नाही' असं लिहून मोकळा झालो असतो. अंजुमने इकडेतिकडे बघितलं. पटांगणाच्या कडेला कुणाच्या तरी शेळ्या बाभळीचा पाला ओढत होत्या.

"आबा," ती म्हणाली, "त्यांना बोलवा."

आबांनी तिकडे बघितलं. पाठ सरळ केली. आणि पोटातून अशी लांब हाक काढली की शिबिराचे डॉक्टर खुर्चीतून उठले. शेळ्या आबांच्या नव्हत्या, पण आल्या. सगळ्या आल्या. एक थेट रक्तदाबाच्या टेबलाखाली गेली. अंजुमने त्या गोंधळात आबांचा हात सोडला नाही. "अजून एकदा आबा, मागची राहिली."

त्यानंतर सराव 'आ'चा नव्हता, हाकेचा होता. पुढच्या खेपेला सून एकटीच आली.

"आबा कसे आहेत?" अंजुमने विचारलं.

"बरे हायत की," सून म्हणाली. मग जरा जवळ सरकून, "ताई, ते परत थोडं बारीक करता येतंय का?"

*

आता शिवशरण.

विश्वनाथ शिवशरण आणि मी एकाच कार्यालयात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना नोकरी काढली. तो हेडक्लार्क होऊन निवृत्त झाला, मी न होता झालो. लकव्यात त्याचा उजवा हात आणि उजवा पाय अधू झाले, आणि बोलणं गेलं. कळतं सगळं. वर्तमानपत्र उघडून बसतो, चुकीच्या बातमीला चष्म्यावरून बघतो. शब्द मात्र निघत नाही.

मीच त्याला वर्गात आणलं. लूमवरचे दोघे त्याला खुर्चीसकट उचलून जिन्याने वर आणायचे. त्या वेळी तो डोळे मिटून घ्यायचा. कमलवहिनी, म्हणजे त्याची बायको, मागून चपला हातात घेऊन यायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांना हे लई लागतंय. लग्नात घोड्यावर बसा म्हटलं तर चालत आले होते. आता रोज हे असं."

अंजुमने त्याच्यावर सगळं करून बघितलं. जुनी सिनेमाची गाणी. भीमगीतं. अंगाईसुद्धा. डाव्या हाताने ताल द्यायचा, दोन स्वरांत छोटं वाक्य म्हणायचं, 'पाणी द्या', 'बाहेर जाऊ'. बाकीच्यांना कुठे ना कुठे धागा सापडला होता. शिवशरण नुसता बघायचा.

"वहिनी, यांना कुठलं गाणं आवडायचं?" अंजुमने विचारलं.

"कुठलंच न्हाय," वहिनी म्हणाल्या. "हे जन्मात कदी गुणगुणले न्हाईत. विहारात वंदना चालायची, तितं पण नुसते ओठ हलवायचे. मी शेजारी बसायची, मला म्हायत हाय की."

हे खरं होतं. कार्यालयात कुणी शीळ घातली तरी शिवशरण त्याला मेमो देईल असा चेहरा करायचा. वर्गातल्या बाकी सगळ्यांची गाण्याची गल्ली उघडी होती. याच्याकडे गल्लीच नव्हती.

एक दिवस खाली जिन्याशी खुर्ची आणली, तर तो बसला नाही. डाव्या हाताने कठडा धरला आणि मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा मान हलवली. कमलवहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. दोघांच्या आधाराने, पायरी पायरी करत, महत्प्रयासाने त्या दिवशी तो वर आला, पण हे शेवटचंच असं त्याने डोळ्यांनी कळवलं. तळमजल्यावर खोली मिळाली तर, नाहीतर नाही. शिवशरणचा निर्णय नोकरीत कधी बदलला नव्हता.

*

त्याच दिवशी मी अर्जाचा मसुदा आणला होता. मृणालने तो टाईप करून दिला आणि आम्ही दोघे रुजुवातीला बसलो. ज्यांनी कार्यालय पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी : रुजुवात म्हणजे एकाने मसुदा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने टाईप केलेल्या प्रतीवर बोट ठेवून ताडून बघायचं. वाचणारा विरामचिन्हंसुद्धा वाचतो. ताडणारा प्रत्येक तुकड्याला 'पुढे' म्हणतो. शिवशरण आणि मी हे नोकरीभर केलं. एक दिवस तो वाचे आणि मी ताडे, दुसऱ्या दिवशी उलट.

जुनी सवय. दुसऱ्या ओळीलाच माझा आवाज त्या चालीत गेला. "महोदय, स्वल्पविराम, नवीन परिच्छेद, उपरोक्त विषयास अनुसरून, स्वल्पविराम..."

मृणाल 'पुढे' म्हणायला विसरत होती. ती बिचारी विशारद. "सदर रुग्णांस जिना चढणे शक्य नसल्याने, स्वल्पविराम," मी म्हटलं, आणि घसरलेला चष्मा सारखा करायला थांबलो.

"पुढे."

मृणालचं तोंड बंद होतं. आवाज पुरुषाचा होता, कोपऱ्यातून आला होता.

कमलवहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्या दोन पावलं पुढे आल्या. मी शिवशरणकडे वळलो. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अंजुम हळूच म्हणाली, "काका, त्यांच्याकडं बघू नका. कायकू थांबले? वाचा."

मी वाचलं. "तळमजल्यावरील एक खोली, स्वल्पविराम."

"पुढे."

"उपलब्ध करून देण्यात यावी, स्वल्पविराम."

"पुढे."

"ही विनंती."

आणि शिवशरण, मला ओळ संपवू न देता, नेहमीसारखा : "पूर्णविराम."

*

मला वाटलं, झालं, देव पावला. अंजुमला वाटलं, आता काम सुरू झालं. फरक तिथेच आहे.

तिने माझ्याकडून तो मसुदा पुन्हा पुन्हा वाचून घेतला आणि फोनवर रेकॉर्ड केला. दुसऱ्या दिवशी आली ती पेटी उघडून बसली. मी नोकरीभर ज्याला वाचणं समजत होतो, ते तिने वाजवून दाखवलं. दोन स्वर. वाक्य चढतं कुठे, स्वल्पविरामाला टेकतं कुठे, पूर्णविरामाला किती उतरतं. "ये तो गाना है," ती स्वतःशीच म्हणाली. मग आमच्या अख्ख्या बॅचने ही चाल घोटली. साखर पेठेत लूमच्या वर पदवीधर मंडळी जोडीजोडीने बसून एकमेकांना परिपत्रकं गाऊन दाखवताहेत, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. लक्ष्मय्या मालक एकदा डोकावून गेले. या खेपेला कांदा आणला नाही.

शिवशरणच्या निर्णयाचा मान राखून अंजुम त्याच्या घरी जाऊ लागली. वर्ग संपवून, आठवड्यातून जमेल तेव्हा. आधी 'पुढे', मग ठरलेली वाक्यं, मग त्यात रोजचे शब्द. डाव्या हाताने ताल, आणि कारकुनी चाल. जिथे अडकेल तिथे ती विरामचिन्ह पुढे करायची, त्याला धरून तो पुढचा शब्द काढायचा. सगळं येतं असं नाही. पुष्कळ दिवस काहीच येत नाही. अशा एकट्या फेऱ्यांनी किती पेशंट होणार, म्हणून खोली हवीच.

मी एकदा गेलो तेव्हा कमलवहिनी स्वयंपाकघरात होत्या. शिवशरणने खुर्चीच्या हातावर बोटं आपटली. "चहा, स्वल्पविराम, देण्यात यावा, पूर्णविराम."

"ऐकलंत भावजी?" वहिनी आतून म्हणाल्या. "आधी नुसता हात करायचे. आता घरात हुकूम निघतोय."

"मग, देता की नाही?"

"साखर बंद हाय त्यांची." आणि त्यांनीही आतूनच, त्याच चालीत सुनावलं, "बिनसाखरेचा, स्वल्पविराम, मंजूर."

*

तिसऱ्या कागदालाही उत्तर आलं नाही, तेव्हा आम्ही समक्ष गेलो. मॅडम, अंजुम, मी आणि शिवशरण. तो सपाटीवर काठी घेऊन चालतो, अंजुमने बाजूने आधार दिला होता. त्याने मोठ्या प्रयासाने बुशशर्ट इन केला होता. कार्यालयात जायचं म्हणजे इन.

प्रशासकीय अधिकारी तरुण होते आणि वागायला सभ्य होते. त्यांच्या टेबलाच्या डाव्या बाजूला, कपाटाला लागून, एक वयस्कर कारकून कॉम्प्युटरवर काम करत बसला होता. त्याने आमच्याकडे मान वर करून बघितलं नाही. मला तो आवडला.

मॅडमनी सांगितलं. खोली रिकामीच आहे, आत मोडक्या खाटा आहेत, त्या आम्ही हलवू. थेरपिस्ट आमचे, वेळ आमचा.

"गाण्याने बाकीच्या रुग्णांना त्रास होईल, हा एक मुद्दा आहे," अधिकारी म्हणाले.

"दार लावून घेऊ."

"तसं नाही, माझा विरोध नाहीये. पण फाईल आता वर गेलेली आहे."

आम्ही तळमजला मागत होतो. मॅडमनी कागद गोळा केले. उठायची वेळ झाली असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर आलं. अंजुमने शिवशरणला आधार द्यायला हात पुढे केला.

शिवशरणने तो हात बाजूला केला. काठी टेबलाला टेकवली. डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर आपटली, एकदा, आणखी एकदा. अंजुम जागेवर थांबली. इतकं लांब वाक्य त्याने तोवर कधी काढलेलं नव्हतं.

"सदर अर्ज, स्वल्पविराम," तो म्हणाला, त्याच दोन स्वरांत, जड पण न चुकता, "सध्या... कोणत्या टेबलावर आहे, प्रश्नचिन्ह."

अधिकाऱ्यांच्या हातातलं पेन थांबलं.

कपाटाजवळच्या वयस्कर कारकुनाने स्क्रीनवरची नजर काढली नाही. टाईप करता करताच, त्याच चालीत, त्याने उत्तर दिलं :

"विचाराधीन आहे, पूर्णविराम."

मग त्याचे हात की-बोर्डवर थांबले. त्याने हळूहळू मान वळवली आणि शिवशरणकडे बघितलं. शिवशरण त्याच्याकडे चष्म्यावरून बघत होता.

"पुढे," शिवशरण म्हणाला.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.